डब्यात ठेवलेली पाच वचनं

३ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीस,

ख्रिस्तात सलाम. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न उघडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता चिमणीकडून लिहून घेतला आहे. उघडल्यावर चिडली असशील तर चीड, पण आता उघडलंच आहेस तर वाच.

सात महिने झाले. आम्ही तिघंही सुखरूप आहोत. यांना इथे मुलांच्या वसतिगृहात पाण्याच्या पंपावर काम लागलं आहे. एक खोली, मागे मोरी, चिमणीची शाळा चालत दहा मिनिटांवर. सुखरूप हा शब्द तुला लिहिताना पेन अडखळलं, पण दुसरा सुचेना.

तिकडच्या पाळकसाहेबांचं पत्र आलं, त्यातून कळलं की भाऊजी अजून आतच आहेत, जामीन दोनदा नाकारला, आणि आता नव्या वकीलबाई आहेत. साक्षीपुराव्याची तारीख एकोणीस मार्च. भाऊजींची पाठ कशी आहे? तिथे झोपायला काही देतात का? हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते.

आम्ही निघालो त्या दिवशी तू मला पळपुटी म्हणालीस. मला ते लागलं. धाकटे, शुभवर्तमान काढून बघ. हेरोद बाळाच्या जिवावर उठला तेव्हा योसेफ बाळाला आणि मरियेला घेऊन परमुलखात गेला. गावकरी कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा प्रभू त्यांच्यामधून वाट काढून चालता झाला. लोकांनी दगड उचलले तेव्हा तो लपला आणि मंदिरातून बाहेर पडला. शिष्यांनाही त्याने सांगून ठेवलं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी जा. निघून जाणं पाप असतं तर हे लिहिलं गेलं असतं का? आणि आम्ही काही आपल्या मनाने निघालो नाही. यांनी वचनांच्या डब्यात हात घातला, चिठ्ठी निघाली, ती सगळ्यांसमोर वाचली. तू होतीस तिथे.

एवढंच सांगायचं होतं. उत्तराची अपेक्षा नाही.

तुझी जाऊ

१२ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीस,

मागचं पत्र टाकून आले, पण ते अर्धवट होतं. सगळं क्रमाने लिहिते. तुला ठाऊक असलेलंही लिहिते, कारण क्रम सोडला की मी सोयीचं तेवढंच सांगते.

दोघे भाऊ, दोन पाळ्या, एक बॉयलर. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, तर वाफ दिवसभर हवी. सात किलोच्या वर प्रेशर गेलं की व्हॉल्व्ह आपोआप उडायचा, वाफ बाहेर जायची, इस्त्रीचे रोलर थंड पडायचे. मॅनेजरला ते परवडेना. त्याने फिटरकडून व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळून घेतली. काटा नऊवर गेला तरी व्हॉल्व्ह गप्प. हे यांनी पाहिलं, मॅनेजरला सांगितलं, शिव्या खाल्ल्या. तीन आठवड्यांनी बॉयलरचं झाकण उडालं, ते भाऊजींच्या पाळीत. घड्या घालणारी आक्का गेली. मॅनेजरने जबानी दिली की भाऊजींनीच आळसाने स्प्रिंग आवळली होती, आणि कारखान्याचं रजिस्टर पाण्यात भिजून गेलं. झाकण चार तास आधी उडालं असतं तर हे आत असते आणि तू मला पत्र लिहीत असतीस.

हे जबानी देणार होते. भीत होते, पण देणार होते.

आम्ही निघालो त्याच्या आधीच्या मंगळवारी दुपारी मॅनेजरचा तो माणूस आमच्याकडे आला. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. चपला दाराबाहेर काढून आत आला, पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाला, “वहिनी, मुलगी सव्वापाचला येते ना शाळेतून? तो पुलाखालचा रस्ता काही बरा नाही हो.” एवढंच. जाताना “येतो” म्हणाला, घरचा असल्यासारखा.

मग मी जे केलं ते असं.

सासूबाईंचा वचनांचा डबा, बायबलातल्या वचनांच्या चिठ्ठ्यांचा. मोठा निर्णय असला की घरातल्या कर्त्याने प्रार्थना करून त्यात हात घालायचा आणि जी चिठ्ठी निघेल ती मानायची. यांचं लग्न त्या डब्याने ठरलं, तुझ्या बाळाचं नावही त्यातूनच निघालं. पुसट झालेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहून काढायचं काम माझ्याकडे, घरात त्यातल्या त्यात बरं अक्षर माझं म्हणून. त्या बुधवारी मी दोनशे चिठ्ठ्या उशीच्या अभ्र्यात ओतल्या आणि अभ्रा ट्रंकेत कुलपात टाकला. मग दुपारभर बसून चारही शुभवर्तमानं चाळली आणि निघून जाण्याची पाच वचनं काढली. एकेकाच्या आठ आठ चिठ्ठ्या केल्या. पाचच ठेवल्या असत्या तर डबा रिकामा वाजला असता. इतका विचार केला होता मी.

संध्याकाळी तू तुरुंगातून भाऊजींना भेटून थेट आमच्याकडे आलीस, हातात रिकामा टिफिन. यांनी डोळे मिटून हात घातला. दुसऱ्या गावी जा, असं निघालं. तू म्हणालीस, “दादा, अजून एकदा काढा ना.” तर मीच म्हणाले, “देवाची परीक्षा पाहू नये गं.” म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

तेव्हा तू विचारलंस, “बस किती वाजताची आहे तेही यातूनच निघतं का, ताई?” मी त्यावर रडले. यांनी तुला रागावून घराबाहेर काढलं. माझ्या रडण्यापायी तुला बाहेर काढलं.

धाकटे, त्यातलं एकही वचन खोटं नव्हतं. डबा खोटा होता.

यांना हे अजून माहीत नाही. आधी तुला सांगते आहे, कारण तुझा राग होऊन गेलेला आहे, यांचा अजून व्हायचा आहे. असा हिशेब करून सांगणं हीसुद्धा भीतीच.

तुझी जाऊ

२३ फेब्रुवारी, रविवार

धाकटीस,

तुझं कार्ड मिळालं. “पत्रं पोचली. अक्षर अजून सुरेख आहे. कोर्टात अक्षराचा काही उपयोग होत असेल तर कळवावे.” तीन ओळी, त्यातही ‘कळवावे’. कुणा परक्याला लिहावं तसं. कार्ड यांच्या हाती पडण्याआधी मी उचललं.

तू काय विचारते आहेस ते मला समजलं. तेव्हाही विचारलं होतंस. “ताई, दादा रोज घरी येऊन काट्याचा आकडा सांगायचे ना? तुम्ही लिहून ठेवायचात ना?” मी म्हणाले, त्या वह्या रद्दीत गेल्या.

नाही गेल्या. म्हणजे ती एक वही नाही गेली. माझ्या रोजच्या खर्चाची वही. हे कामावरून आले की हातपाय धुताना आकडा सांगायचे, जसं कुणी सांगावं की आज ऊन फार होतं. मला सवय, कानावर आकडा पडला की मी लिहिते. पानावर दूध, साबण, भाजी, आणि समासात साडेआठ. दुसऱ्या दिवशी नऊ. जिथून आकडा सातच्या वर चढला तिथे लिहिलं आहे, ‘हे म्हणाले आज फिटर आला होता, व्हॉल्व्ह आवळला, मॅनेजर उभा होता.’ तारखेसकट. माझ्याच अक्षरात. यांनाही मी रद्दीत गेली असंच सांगितलं आहे.

आज उपासनेत शास्त्रपाठ वाचायला मला उभं केलं. इथली मंडळी लहान आहे, तीस-पस्तीस माणसं, माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो म्हणून नेहमी मलाच पुढे करतात. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला धरून तुरुंगात टाकलं हे ऐकून प्रभू गालीलात निघून गेला, तो भाग होता. तुला सांगायला लाज वाटते. पहिली ओळ वाचताना मनात आलं, अरे, हे एक डब्यात टाकायचं राहिलंच. एवढी मी कोडगी झाले आहे.

मग पुढची ओळ वाचली. तिथून पुढे प्रभू बोलू लागला, पश्चात्ताप करा. हे तर योहानाचंच वाक्य! योहान रानात हेच ओरडत होता. शंभर वेळा वाचलं असेल, पण दोन ओळी एकमेकींना चिकटलेल्या आहेत हे आज दिसलं. योहान आत गेला आणि त्याचं वाक्य बाहेर चालूच राहिलं. प्रभू निघाला तो ते वाक्य घेऊन निघाला. आम्ही निघालो आणि तोंड मिटून बसलो. इथे कुणी यांना विचारलं की आधी कुठे कामाला होता, तर हे म्हणतात, “असंच, इकडे तिकडे.” ते म्हणतात आणि मी शेजारी उभी असते.

मी वाचता वाचता मधेच थांबले. पाळकीणबाई पाणी घेऊन आल्या, म्हणाल्या, “उपाशी आलात का?” मी हो म्हणाले. देवाच्या घरात उभी राहून तेही खोटं बोलले.

तुझी जाऊ

५ मार्च, बुधवार

धाकटीस,

शनिवारी यांना सांगितलं.

जेवण घेऊन पंपघरात गेले होते. पंप चालू होता, त्या घरघरीत काही बोलता येईना. मी म्हणाले, बंद करा, बोलायचं आहे. यांनी खटका खाली ओढला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, अभ्रा, वही. वर मुलं अंघोळीच्या मधे अडकलेली, कठड्यावरून ओरडत होती, “काका, साबण लागलाय हो! पाणी सोडा!” हे ऐकत नव्हते.

शेवटी म्हणाले, “सात महिने मी रोज सकाळी उठून आभार मानतोय. देवा, तू आम्हाला वाट दाखवलीस म्हणून. ते कुणाचे मानले मी?”

मी जेवण पुढे केलं.

“मला भीती वाटत होती,” ते म्हणाले. “तू सांगितलं असतंस की चला, मला भीती वाटते, तर कदाचित मी आलोही असतो. नवरा-बायको म्हणून ठरवलं असतं, चूक केली असती तर दोघांची झाली असती. पण मी देवाला विचारलं होतं आणि उत्तर तू दिलंस.”

मग उठून खटका वर केला. जेवण तसंच राहिलं.

तीन दिवस घरात प्रार्थना मोठ्याने झाली नाही. हे ओठ हलवतात, मी ऐकायचा प्रयत्न करते, काही कळत नाही. चिमणीने विचारलं, “बाबांचा घसा बसलाय का?” काल मात्र यांनी वसतिगृहाच्या ऑफिसातून वकीलबाईंना फोन केला. मी जबानी द्यायला येतो म्हणाले. माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. “मीठ दे,” “किल्ली कुठे,” एवढंच. पण काल किल्ली यांच्याच हातात असताना विचारलं, ते मी मनाला लावून घेतलं आहे, चांगल्या अर्थाने.

तुझी जाऊ

११ मार्च, मंगळवार

धाकटीस,

तिकडच्या पाळकसाहेबांनी कळवलं आहे की तो इस्त्रीच्या शर्टवाला चर्चमध्ये येऊन गेला. विचारत होता, थोरले येणार आहेत का तारखेला. चपला काढून आत आला म्हणे.

आज मी स्वतः वकीलबाईंशी फोनवर बोलले. मी म्हणाले, “हे येतीलच. वही मी रजिस्टर पोस्टाने पाठवते.”

“वही एकटी काय करणार, बाई? लिहिणारीने उभं राहून सांगावं लागेल की हे अक्षर माझं, मी त्या त्या दिवशी लिहिलं.”

“यांनी सांगितलं तर नाही का चालणार?”

“काटा पाहिला हे ते सांगतील. लिहिलं तुम्ही.”

“मी नुसती मॅट्रिक आहे हो. कोर्टात मला बोलता येणार नाही.”

“आता माझ्याशी किती छान वाद घालताय,” त्या म्हणाल्या.

मी घरी आले आणि काय केलं सांगू? पुन्हा शुभवर्तमान उघडलं. बाईमाणसाने घरी राहावं असं कुठे काही मिळतं का ते पाहायला. उलट सकाळी सकाळी थडग्यावर जाऊन प्रभू उठल्याची बातमी आणणाऱ्या त्या बायकाच मिळाल्या. पुस्तक मिटलं. मग वही काढली आणि शेगडीपाशी घेऊन बसले. काडी पेटवली नाही. पण काडेपेटी हातात होती, आणि हे येऊन दारात उभे राहिले तोवर होती.

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली नाही. म्हणाले, “मी तुला जा म्हणणार नाही. नको जाऊ असंही म्हणणार नाही. डबा तर मी आता कधीच काढणार नाही. तुझं तू ठरव.”

आजवर मला कुणी असं मोकळं सोडलं नव्हतं. मला ते मुळीच आवडलं नाही.

तुझी जाऊ

१६ मार्च, रविवार

धाकटीस,

आम्ही दोघं मंगळवारी दुपारच्या बसने येतो आहोत. उतरल्यावर थेट पाळकसाहेबांकडे. वकीलबाईंनी त्या माणसाबद्दल पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे आणि वहीच्या प्रती काढून एक न्यायालयात, एक स्वतःकडे ठेवायची तजवीज केली आहे. चिमणीला इथेच पाळकीणबाईंकडे ठेवतो आहोत. शाळेत सोडायला-आणायला त्या स्वतः जातील. तिला दूर ठेवण्याचं कारण मी तिलाही सांगितलं, पाळकीणबाईंनाही सांगितलं. या वेळी काही लपवून निघत नाही, आणि मला वाटतं प्रभूने ज्या निघून जाण्याला परवानगी दिली ते असंच उघड असावं.

हे पत्र तुला बुधवारच्या आत मिळावं म्हणून उद्या सकाळी स्पीडपोस्टने टाकते आहे. त्याला कारण आहे.

वकीलबाईंनी काल फोनवर माझी तालीम घेतली. हे अक्षर माझं आहे, इथपर्यंत मला जमलं. मग म्हणाल्या, “समोरचा वकील विचारणार, ही वही इतके दिवस होती कुठे? आता बनवली कशावरून नाही? तेव्हा कुठे होती, कुणाच्या ताब्यात, सगळं सांगावं लागेल.” त्या म्हणाल्या, “हॅलो? बाई, आहात ना?”

हे तुला कोर्टात पहिल्यांदा ऐकू येऊ नये.

तेव्हा तो माणूस मंगळवारी येऊन गेला आणि आम्ही पुढच्या सोमवारी निघालो. मधल्या दिवसांत घराची झडती होईल अशी मला धास्ती होती. वही जाळवत नव्हती. आपल्यावर कधी बालंट आलंच तर यांना सोडवायला लागेल, असं मनात होतं. यांना. भाऊजींना नाही. मग ती लपवायची कुठे? मी जाड पुठ्ठा घालून तिच्यावर ‘गणित’ असं लिहिलं आणि चिमणीच्या दप्तरात ठेवली. तिला सांगितलं, बाईंनी मागितली तरी ही वही काढायची नाही. ती चार दिवस त्या पुलाखालून ती वही पाठीवर घेऊन आली-गेली.

मी सगळ्यांना सांगत आले की लेकीसाठी घाबरले. यांना सांगितलं, तुला सांगितलं, देवालाही तेच सांगितलं. आणि ज्या गोष्टीवरून ते आमच्या जिवावर उठले असते ती गोष्ट मी त्याच लेकीच्या पाठीवर दिली होती. तेव्हा मी नक्की कुणासाठी घाबरले होते ते आता तूच बघ. पहिल्या पत्रात मी योसेफाचं उदाहरण दिलं होतं. ते मी मागे घेते.

यांना काल संध्याकाळी सांगितलं. चिमणीच्या वेण्या घालत होते, फणी तशीच केसांत ठेवून सांगितलं. चिमणी म्हणाली, “मला माहीत होतं गं. गणिताची वही इतकी जाड कुठे असते?” बारा वर्षांची पोर. पुलाखालून येताना ती पळत यायची म्हणे, रोज. मला वाटायचं भूक लागते म्हणून धापा टाकत येते.

बुधवारी अकराला पुकारा होईल. भाऊजींना समोर आणून बसवतील, तूही असशील. मी हे सगळं त्यांच्यासमोर, तुझ्यासमोर, न्यायाधीशांसमोर सांगणार आहे. वाचून तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. आलीस तर माझ्या बाजूला बसायची गरज नाही. तू मधेच उठून बाहेर गेलीस तरी मी थांबणार नाही. शेवटच्या तारखेपर्यंतचे सगळे आकडे वाचीन.

तुझी जाऊ